गोकुळाला माहीत होतं

मोहबोडीची गोकुळा सिंदेवाहीच्या आठवडी बाजारात मासे घेऊन बसली, की शेजारच्या बायांना ओरडायची गरज पडत नसे. सगळ्या रांगेचं ओरडणं ती एकटीच करायची. गिऱ्हाईक तिच्या आवाजाला थांबायचं आणि कधीकधी मासा घ्यायचं शेजारच्या आशाबाईकडून. गोकुळाला त्याचं काही वाटत नसे. जन्म ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या, घरातला, लग्नही ढिवराच्याच घरात. पावशीवर, म्हणजे विळीवर, मरळ कापताना तिचं लक्ष माशाकडे कमी आणि माणसांकडे जास्त असायचं. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाची सून रुसून गेली, हे तिला मासा कोण किती घेतो त्यावरून कळायचं. नवरा मनसाराम अबोल होता. घरात बोलायचं काम त्यानं लग्नाच्या दिवसापासून तिच्यावरच सोपवलं होतं.

एका उन्हाळ्यात तिच्या लघवीतून रक्त गेलं. दुखलं काहीच नाही. तलावाचं पाणी तळाला गेलं होतं, रोज जाळं भरून मासळी निघत होती, घरी बसायला सवड नव्हती. उन्हाळी लागली असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं, धन्या-जिऱ्याचं पाणी प्याली आणि रक्त थांबल्यावर विसरून गेली. पावसाळ्यात पुन्हा तेच झालं. पुन्हा थांबलं. दिवाळीच्या सुमारास मात्र डाव्या कुशीत दगड ठेवल्यासारखं जड वाटायला लागलं आणि चोळ्या अंगावर ढिल्या झाल्या. सून रिंकूनं एकदा न्हाणीतलं लाल पाणी पाहिलं आणि त्याच दिवशी मुलाला, स्वप्निलला, दुकानातून बोलावून घेतलं. स्वप्निल सिंदेवाहीत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. तो आईला आधी तिथल्या दवाखान्यात आणि मग चंद्रपूरला घेऊन गेला.

चंद्रपूरला सोनोग्राफी झाली. गोकुळा बाहेर बाकावर बसली होती. स्वप्निल डॉक्टरच्या खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंगच गेला होता. आईजवळ येईपर्यंत त्यानं तो कसाबसा जागेवर आणला आणि म्हणाला की पथरी आहे, मोठी आहे, नागपूरला न्यावं लागेल.

नागपूरच्या दवाखान्याच्या फाटकावर भलीमोठी पाटी होती. ऑटोतून उतरल्याबरोबर स्वप्निल आईच्या आणि पाटीच्या मध्ये उभा राहिला आणि तिला खांद्याला धरून आत नेऊ लागला. पण गोकुळा चौथीपर्यंत शिकलेली होती. एकेक अक्षर जोडून तिला वाचता येत होतं आणि मुलाच्या खांद्यावरून पाटीचं टोक दिसत होतं. 'कर्करोग' एवढं तिनं वाचलं. आत गेल्यावर डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया, नाकात नळी घातलेली माणसं दिसली, आणि जे वाचलं त्यात काही चूक नव्हती हे तिला समजलं. तिनं स्वप्निलकडे पाहिलं. तो खिडकीपाशी कागद देत होता आणि एकच कागद दोनदा पुढे करत होता. ह्याला आपण आत्ता काही विचारलं तर तो इथंच रडायला लागेल, असं तिला वाटलं. म्हणून तिनं विचारलं नाही. पुढे विचारेन, असं तिनं ठरवलं. ते पुढं काही आलंच नाही.

डावी किडनी काढली. गावात सांगितलं गेलं की पथरीनं किडनी सडली होती. गोकुळानंही भेटायला येणाऱ्या बायांना तेच सांगितलं, इतकं बेमालूम की कधीकधी तिला स्वतःलाही खरं वाटायचं. पोटावरची जखम भरली, अंगात ताकद आली, ती पुन्हा बाजारात बसू लागली. जवळजवळ वर्षभर सगळं बरं चाललं. मग तपासणीत छातीच्या फोटोत ठिपके दिसले. हे तिला कोणी सांगितलं नाही. तिनं ते तपासणीहून परत येताना बसमध्ये मुलाच्या गप्प बसण्यावरून ओळखलं. गोळ्या सुरू झाल्या. चार आठवडे रोज एक, मग दोन आठवडे सुट्टी, मग पुन्हा चार आठवडे. "ताकदीच्या आहेत," स्वप्निल म्हणाला.

त्या गोळ्यांनी गोकुळाला घरात कोंडलं.

आधी तोंडाची चव गेली. भाताला लोखंडाची चव लागायची, पाण्यालाही. मग माशाचा वास सहन होईना. जिचा जन्म त्या वासात गेला, जिला तो वास कधी वास म्हणून जाणवलाच नव्हता, तिला आता मनसाराम तलावावरून परत आला की अंगणातूनच उमळून यायचं. घरच्यांनी काही न बोलता सगळं हलवलं. जाळी, टोपली, पावशी मागच्या गोठ्यात गेली. मनसाराम विहिरीवर अंगाला साबण चोळचोळून आंघोळ करायचा आणि तरीही आत यायचा नाही. घराच्या पुढच्या उघड्या सपरीत त्यानं आपली खाट टाकली. रिंकू मासे शिजवायला शेजारी जायची. आतली खोली शेणानं सारवून, फिनाईल टाकून, एखाद्या पाहुण्यासाठी ठेवावी तशी गोकुळासाठी ठेवली. त्या स्वच्छ खोलीत ती दिवसभर पडून असायची आणि तिला वाटायचं की आपण ह्या घरात राहायला आलो आहोत, ह्या घरच्या नाही.

नंतर तळपाय गेले. तळव्यांची कातडी लाल झाली, फोड आले, फुटले, सोलून निघाले. हातांचंही तसंच. अंगणापर्यंत चालणं म्हणजे तापल्या तव्यावर चालणं झालं. तिनं पायांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या आणि पदर खाली ओढून बसायची सवय केली, घरच्यांना दिसू नये म्हणून. रिंकूनं विचारलं तर "खरचटलं" म्हणायची. त्वचेवर पिवळी झाक आली तेव्हा गावात कावीळ झाल्याचं ठरलं आणि कोणी पोंभुर्ण्याकडून काविळीचं झाडपाल्याचं औषध आणून दिलं. ते तिनं हात जोडून घेतलं आणि मागच्या दारी ओतून दिलं.

त्या साली तलावाच्या पलीकडच्या झुडपात एका वाघिणीनं पिल्लं घातली होती. वनखात्याची गाडी भोंगा लावून सांगून गेली की तलावाकडे एकट्यानं जाऊ नका, ऊन उतरायच्या आत घरी या. त्यामुळे संध्याकाळी अंगणात गप्पा मारायला येणाऱ्या बायाही येईनात. दारं लवकर लागू लागली. गोकुळा आत, तिच्याभोवती बंद दार, दाराबाहेर बंद गाव. घरात माणसं होती, प्रेमाची होती, दिवसातून दहा वेळा विचारायची. पण ती माणसं जे विचारायची त्यात खरं काहीच नसायचं. "कसं वाटते?" "बरं वाटते." रिंकू बोलताना पायाच्या अंगठ्याकडे पाहायची. मनसाराम सपरीतून आत डोकावायचा आणि तिनं पाहिलं की दुसरीकडे पाहायचा. स्वप्निल मोठ्यानं, उगाच हसत बोलायचा. सगळे तिला वाचवत होते आणि ती सगळ्यांना. खोलीत तिला श्वास घ्यायला जागा नव्हती.

पावसाळ्याच्या तोंडाशी ती स्वप्निलबरोबर तपासणीला नागपूरला गेली. डॉक्टरीणबाई तरुण होती, चष्मा लावलेली, घाईत असली तरी माणसाकडे पाहून बोलणारी. ती गोकुळाला काही विचारायची आणि उत्तर स्वप्निल द्यायचा. जेवण होतं? हो. झोप लागते? हो. हातपाय ठीक? हो. गोकुळानं हे एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, मग म्हणाली की तिला तहान लागली आहे, बाहेरून थंड पाण्याची बाटली आणून दे. स्वप्निल गेला. दार लागल्यावर तिनं पदर वर केला आणि चिंध्या सोडल्या.

डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठली. खाली बसून तिनं दोन्ही पाय पाहिले. "एवढं झालं तरी सांगितलं का नाही?"

"सांगून का होते बाई? पोरगा घाबरते."

"मी घाबरले नसते ना. मला सांगायचं."

गोकुळानं सोडलेल्या चिंध्या गोळा करून मांडीवर घेतल्या. मग तिनं विचारलं की हा कॅन्सर जाईल का. हा शब्द तिनं पहिल्यांदा तोंडानं उच्चारला होता आणि तो इतका सरळ बाहेर आला याचं तिलाच नवल वाटलं. डॉक्टरीणबाईनंही सरळ सांगितलं. पूर्ण जाईल असं तिला वाटत नाही. पण गोळ्यांनी तो जागच्या जागी थांबू शकतो. काहींचा काही महिने थांबतो, काहींचा काही वर्षं. गोकुळाचा किती थांबेल हे ती सांगू शकत नाही, कारण तिला ते माहीत नाही. गोळीची मात्रा कमी करता येईल, पायांना लावायला मलम देता येईल, पाय असे सोलेपर्यंत सोसायची गरजच नव्हती. मग तिनं विचारलं, "मुलाला मी सांगू, की तुम्हाला माहीत आहे म्हणून?"

"नोका सांगू. मी सांगन."

पण तिनं सांगितलं नाही. परतीच्या बसमध्ये सांगेन म्हणाली, तर स्वप्निल तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. घरी गेल्यावर सांगेन म्हणाली, तर रिंकू तुळशीपाशी दिवा लावून तिच्यासाठी थांबली होती. मात्रा कमी झाल्यानं पाय हळूहळू भरू लागले, वासाची मळमळ थोडी उतरली. आतलं ओझं मात्र वाढलं. आता तिला नुसता रोग माहीत नव्हता, रोगाचं पुढचंही माहीत होतं. ते एकटीनं घेऊन ती त्या सारवलेल्या खोलीत बसून राहायची.

ऑगस्टात तलाव भरला. मच्छीमार संस्थेचं बीज सोडायचं ठरलं. दरवर्षी ह्याच दिवसांत सगळी ढिवर घरं मिळून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं, तलावात सोडत आणि उन्हाळ्यात ती मोठी झाल्यावर जाळं टाकत. संस्थेचा इसरू एके सकाळी नावं विचारत आला. गोकुळाची मळमळ उतरल्यापासून मनसाराम पुन्हा सपरीत जाळं शिवत बसू लागला होता. त्यानं मान वर न करता सांगितलं की यंदा आमचं राहू दे.

"काऊन गा?" इसरूनं विचारलं.

"पुढच्या उन्हाळ्याचं कोणं पाह्यलं."

आत खाटेवर बसलेल्या गोकुळाला ते स्वच्छ ऐकू आलं. मनसाराम फार बोलत नसे, म्हणून त्याचं बोललेलं तिला नेहमी पुरतं कळायचं. तिच्याशिवायचा उन्हाळा त्यानं मनात पाहून ठेवला होता आणि त्याला तो नको होता. ती उठली. भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत आली. सपरीत जाळ्याचा वास होता, पोटात ढवळलं, तशीच ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"इसरूभाऊ, आमचं नाव ठेवा," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "मले कॅन्सर आहे, हे मले पहिल्या दिवसापासून मालूम आहे. तुमी सारे मले लपवून राह्यले, मी तुमाले लपवून राह्यली. आता माह्याच्यानं होत नाई."

इसरू पायातल्या चपलेकडे पाहत उभा राहिला. निघून जावं की थांबावं हे त्याला कळेना. मनसारामच्या हातातली सुई थांबली.

"तुले कोणं सांगतलं?"

"दवाखान्याच्या पाटीवर लिहून आहे. डॉक्टरीणबाईले बी इचारलं मी. जाणार नाई म्हणते. थांबून राहू शकते म्हणते. किती, ते तिले बी मालूम नाई." तिला धाप लागली, पण थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. "पण मी मेली नाई ना अजून. तुमी तं मले आतापासूनच उचलून ठेवलं. बीज सोडा. उन्हाळ्यात मी असन तं पाहीन."

जाळं बाजूला सरकवून मनसाराम उठला, विहिरीवर गेला आणि पोहरा न सोडताच बराच वेळ कठड्याला धरून उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्यानं इसरूला सांगितलं की नाव लिही. मग तो गोकुळाला खाटेपर्यंत घेऊन गेला आणि कित्येक महिन्यांनी तिच्या खाटेवर बसला. अंगाला मासळीचा वास होता हे त्याच्या लक्षात आलं तसा तो उठू लागला. तिनं त्याचा सदरा धरून ठेवला. मळमळलं तरी धरून ठेवला.

स्वप्निलला दुपारी कळलं. तो आधी चिडला. एवढे दिवस आपण खोटं बोलत राहिलो, दर वेळी उगाच हसत राहिलो आणि हिला सगळं माहीत होतं, ह्याचा त्याला राग आला. जेवला नाही. संध्याकाळी मलमाची नळी घेऊन आईच्या पायाशी येऊन बसला आणि तळव्यांना मलम लावता लावता रडला. गोकुळानं त्याला रडू दिलं. रिंकू दारात उभी होती. तिनं पहिल्यांदाच सासूच्या डोळ्यांत पाहून विचारलं, "आई, दुखते का?" आणि गोकुळा म्हणाली, "दुखते."

बीज आलं त्या दिवशी गोकुळानं तलावावर जायचा हट्ट धरला. चालत जाणं शक्यच नव्हतं. बीज आणणाऱ्या छोट्या टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी तिला बसवलं, मागे पाण्यानं आणि हवेनं फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि त्यांत वळवळणारी पिल्लं. वाघिणीच्या भीतीनं सगळी माणसं घोळक्यानं पुढे चालत होती, कोणी डबा वाजवत होतं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पोचल्यावर तिनं दार उघडून पाय बाहेर काढले आणि तशीच बसून राहिली. तलाव काठोकाठ होता. कित्येक महिने तिनं तो पाहिला नव्हता. माणसांनी पिशव्या आधी तशाच पाण्यावर तरंगत ठेवल्या, म्हणजे आतलं पाणी तलावाच्या पाण्याइतकं गार होईल, आणि मग तोंडं सोडली. पिल्लं बाहेर पडताना दिसली आणि लगेच दिसेनाशी झाली. इतक्यात गोकुळाला ओकारी आली. टेम्पोच्या आडोशाला ती ओकली, तोंड धुतलं आणि मनसारामला म्हणाली की पूर्वेकडच्या कोपऱ्यातही एक पिशवी सोडायला सांगा, तिथं गवत आहे. इसरू हसला. आवाज तिचा होता, थोडा खोल गेलेला, पण तोच.

ह्यानंतर सगळं मोकळं झालं असं मात्र नाही. गोळ्यांचे चार आठवडे तसेच जायचे, खोलीत, पालथं पडून, भिंतीवरच्या पालीकडे पाहत. कधी रक्तदाब चढायचा, कधी जुलाब, कधी नुसता थकवा की हात उचलून माशी हाकलावी असंही वाटेना. अशा दिवसांत तिला वाटायचं की सगळं सांगून काय मिळवलं, कोंडवाडा तोच आहे, नुसत्या भिंती दिसायला लागल्या. भीतीही वाटायची आणि आता ती मनसारामला सांगायची. तो ऐकून घ्यायचा. खाट त्यानं सपरीतून आत आणली होती. तेवढं तिला पुरायचं.

दिवाळीनंतरच्या तपासणीत ठिपके होते तेवढेच निघाले. कमी झाले नव्हते, वाढलेही नव्हते. ह्या वेळी डॉक्टरीणबाईच्या प्रश्नांची उत्तरं गोकुळानं दिली आणि स्वप्निल शेजारी गप्प बसला. फाटकाबाहेर येऊन त्यानं घरी फोन लावला, पण बोलायचं सुचेना, म्हणून फोन आईच्या हातात दिला. "वाढलं नाई," ती मनसारामला म्हणाली. पलीकडून त्यानं विचारलं की जेवली का.

महाशिवरात्र त्या वर्षी नेमकी गोळ्यांच्या सुट्टीत आली. गोकुळा म्हणाली की मार्कंड्याच्या जत्रेला जाऊ. स्वप्निलनं गर्दीची भीती घातली, रिंकूनं उन्हाची. मनसारामनं पिशवी भरली. दोघं यष्टीनं मूल गावी गेले, तिथून गाडी बदलून चामोर्शीकडे. जत्रेत पाय ठेवायला जागा नव्हती. देवळाची रांग पाहून तिनं लांबूनच हात जोडले आणि त्याला म्हणाली की मले नदीवर ने.

वैनगंगेच्या वाळूत ती चप्पल काढून चालली. तळव्यांना नवी, पातळ कातडी आली होती. सावलीतली वाळू गार होती. मनसाराम डुबकी मारायला गेला आणि ती पाण्यात पाय सोडून बसली. शेजारी भंडाऱ्याकडची एक बाई रताळी सोलत बसली होती. तिनं गोकुळाच्या केसांकडे पाहिलं. गोळ्या चालू असल्या की केस पांढरे उगवायचे आणि सुट्टीत काळे, त्यामुळे डोक्यावर पट्टे पडले होते. बाईनं विचारलं की हे कशानं झालं.

"कॅन्सरची गोळी खातो मी," गोकुळा म्हणाली. "तिच्यानं होते."

बाई जराशी मागे सरकली. गोकुळाला ते दिसलं. मग बाईनं हातातलं रताळं पाहिलं, अर्धं मोडलं आणि पुढे केलं. गोकुळानं घेतलं. गोड लागलं. बाईनं आणखी विचारलं, कुठची, लेकरं किती, आणि गोकुळा सांगू लागली. मनसाराम ओल्या अंगानं परत आला तरी तिचं सांगणं चालूच होतं, म्हणून तो थोडा अलीकडे वाळूतच थांबला.

परत येताना बसमध्ये तिला झोप लागली. सोमवारपासून पुन्हा चार आठवडे होते. सोमवारी सकाळी चहा झाल्यावर तिनं रिंकूला हाक न मारता फळीवरचं नवं पाकीट उतरवलं, स्वतःच फोडलं, आणि पहिली गोळी पाण्याबरोबर गिळली. मग दारातल्या उन्हात खुर्ची ओढून बसली, जितका वेळ बसवेल तितका.